निरोगी माणसांची फळं

माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी घरात फळ यायचं ते कुणी आजारी पडलं तरच. गिरगावातल्या चाळीत एका खोलीत ते सगळे राहायचे. मोसंबं दिसलं की समजायचं, कुणालातरी टायफॉइड झालाय, नाहीतर कोणी बाळंत झालंय. त्यांच्या धाकट्या भावाला कावीळ झाली तेव्हा त्याच्या उशाशी कागदाच्या पिशवीत मोसंबी ठेवलेली असायची आणि बाकीची भावंडं लांब भिंतीशी बसून त्या पिशवीकडे बघत राहायची. रस काढून झाला की सालं यांच्या वाट्याला. ती चावायची, आणि मग एकमेकांच्या डोळ्यांत पिळायची. नोकरी लागली तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, की आपल्या घरात फळं निरोगी माणसं खातील. आणि रोज खातील.

हे त्यांनी मला माझ्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं, पपई चिरता चिरता. सासूबाई आधीच गेल्या होत्या. भाईंदर पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही तिघंच, बाबा, माझा नवरा आणि मी. सकाळचा स्वयंपाक मी करायचे, पण ओट्याचा खिडकीकडचा कोपरा बाबांचा होता. तिथे त्यांची लाकडी फळी आणि लाकडी मुठीची सुरी. त्या सुरीने कांदा चिरायचा नाही, असा घरात नियम होता. मी एकदा चुकून तिने लसूण ठेचली. त्यांनी सुरी चिंच लावून घासून ठेवली.

पहाटे फिरायला म्हणून निघायचे ते रेल्वेच्या पुलावरून पश्चिमेला उतरून बाजारात जायचे. जवळच्या मोरवा गावची एक बाई तिथे कडेला टोपली घेऊन बसायची, घरच्या झाडांचे पेरू, पपया, कधी चिकू. तिच्याकडे नसेल ते पुढच्या गाड्यांवरून. केळी वर्षभर. थंडीत पेरू आणि सीताफळं, उन्हाळ्यात ताडगोळे, आंबा, जांभळं, आणि एखाद्या रविवारी अख्खा अननस, जो सोलण्यात त्यांचा तासभर जायचा. चार बशा भरायच्या. तीन आमच्या आणि चौथी समोरच्या दारातल्या गुजराती बेनची. त्या एकट्याच राहायच्या, मुलगा परदेशात. बाबा बेल वाजवून बशी हातात द्यायचे, "केम छो" एवढंच म्हणायचे आणि परत यायचे. त्यांना गुजराती तेवढंच येत होतं.

मी तशी फळं खाणाऱ्यातली नव्हते. माझ्या माहेरी फळं म्हणजे उपासाला केळं. सकाळच्या घाईत समोर बशी आली की मला वैताग यायचा.

"बाबा, नको. उशीर होतोय मला."

"मग डब्यात घालून देतो. अकरा वाजता खा. त्या वेळी तुम्ही लोक वडापाव खाता."

वडापाव मी खरंच खायचे. त्यामुळे डबा घ्यायचे.

फळांवर त्यांचं बोलणं कधी कधी जरा जास्त व्हायचं. पपई खाणाऱ्याला चष्मा लागत नाही, असं ते स्वतःच्या चष्म्यातून बघत सांगायचे. पण सगळंच काही वावगं नव्हतं. मुलगी झाल्यावर माझं हिमोग्लोबिन बरंच खाली गेलं. जिना चढताना धाप लागायची, बाळाला घेऊन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी पोट इतकं गच्च व्हायचं की मी चार दिवस घ्यायचे आणि सोडून द्यायचे. बाबांच्या हे लक्षात आलं. पुढच्या तपासणीला ते माझ्याबरोबर आले आणि बाईंना त्यांनी सरळ विचारलं, "गोळी सोसत नाही हिला. फळांनी काही होईल का?"

बाई म्हणाल्या, "गोळी सोडायची नाही. पण गोळीबरोबर पेरू किंवा मोसंबं दिलंत तर लोह अंगात जास्त मुरतं. आणि सकाळी पपई द्या, पोट साफ राहील."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या बशीत पेरूच्या फोडी आणि फोडींच्या मध्ये गोळी. मी गोळी घेतल्याशिवाय ते बशी उचलायचे नाहीत. काही महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला. त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि पेरूचा किती, ते मला सांगता येणार नाही. पण त्या पेरू-पपईमुळे मी गोळ्या घेत राहिले, एवढं खरं. मुलगी मोठी झाली तशी पाकिटातल्या वेफर्सच्या आधी तिला चिकूची गोडी लागली, तीही त्यांच्यामुळेच. तिच्या मैत्रिणी सतत सर्दी-तापाने शाळा बुडवायच्या, ही क्वचित. मी त्याचंही श्रेय त्या बशीला द्यायला लागले होते.

अशी बरीच वर्षं गेली.

मग एका हिवाळ्यात बाबा म्हणायला लागले, की पेरूला चव राहिली नाही. मोरव्याच्या बाईलाही म्हणाले. तिने एक पेरू तिथेच कापून स्वतः खाल्ला आणि म्हणाली, "गोड तर हाय, बाबा. तुमच्या तोंडाची चव गेली." ते हसून घरी आले. पण खरंच त्यांच्या तोंडाची चव गेली होती. जेवताना दोन घास खाऊन ताट सरकवायचे. चपलेचे पट्टे पायात रुतायला लागले, कारण पाय सुजत होते. पूल चढताना मध्येच कठड्याला धरून उभे राहायचे. मला वाटलं, वय झालं. नवऱ्यालाही तसंच वाटलं. एका सकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि थांबेनात, तेव्हा आम्ही त्यांना मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात नेलं. रक्त तपासलं आणि संध्याकाळपर्यंत आम्हाला किडनीच्या डॉक्टरांसमोर बसवलं.

डॉक्टर वयाने लहान होते, माझ्या नवऱ्यापेक्षाही. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि बाबांना विचारलं, "तुम्हाला ब्लडप्रेशर आहे ना?"

"आहे. रिटायर झालो तेव्हापासून."

"गोळी कुठली घेता?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोडली."

नवरा दचकला. "सोडली? कधी?"

"झाली काही वर्षं. बरं वाटत होतं मला. रोज चालतो, मीठ कमी खातो, फळं खातो. वाटलं, आता कशाला हवी गोळी?"

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. मला गोळीसाठी बशी धरून उभा राहणारा माणूस स्वतःची गोळी घेत नसेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. डॉक्टर रागावतील असं मला वाटलं, पण ते रागावले नाहीत. म्हणाले, "फळं खात होता ते चांगलंच केलंत. चाललात तेही चांगलं. त्यांचा उपयोग झालाच असणार. पण तुमचं प्रेशर गोळीशिवाय खाली राहणारं नव्हतं. ते आतल्या आत वाढत राहिलं आणि किडन्या झिजत गेल्या. ते दुखत नाही, त्यामुळे कळत नाही."

"आता?" बाबांनी विचारलं.

"आता डायलिसिस लागेल. आणि खाण्यात बदल. केळं, आंबा, चिकू, सीताफळ, नारळपाणी, सगळं बंद."

बाबांना डायलिसिस हा शब्द समजला होता, पण ते अडकले दुसऱ्याच गोष्टीपाशी. "फळं बंद? म्हणजे फळांनी झालं हे?"

"नाही, नाही," डॉक्टर म्हणाले. "फळांनी नाही झालं. यांनी सगळ्यांनी रोज फळं खायला हवीत. पण त्यांत पोटॅशियम असतं. चांगल्या किडन्या लागेल तेवढं ठेवून बाकीचं बाहेर टाकतात. तुमच्या आता टाकू शकत नाहीत. ते रक्तात साठलं तर हृदय बंद पडू शकतं. सफरचंदाच्या दोन फोडी, अननसाचा एखादा तुकडा, एवढं चालेल. तेही विचारून."

बाबांनी मान हलवली. उठता उठता डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याचंही प्रेशर बघितलं. तेही वर होतं. त्याने त्याच दिवशी खालच्या दुकानातून स्वतःच्या गोळ्या घेतल्या आणि तेव्हापासून तो त्या घेतोय.

त्यानंतर कितीतरी दिवस ओट्याचा तो कोपरा रिकामा राहिला. बाबांचा हात ऑपरेशन करून तयार केला, मशिनच्या सुया टोचता याव्यात म्हणून. त्या हाताने वजन उचलायचं नाही. पाणीसुद्धा मोजून. भाज्या मी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायला शिकले, आणि त्या बेचव भाज्या ते मुकाट्याने खायचे. फळं मात्र नवऱ्याने घरात आणायचीच बंद केली. मला म्हणाला, "त्यांच्यासमोर कसं खायचं आपण? तूच सांग." मला ते पटलं. मुलगी आता सातवी-आठवीत होती. तिने एकदा चिकू मागितला आणि मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

पण फळं येतच होती. आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने कोण येतं? बाबांच्या ऑफिसमधले जुने सोबती, माझे भाऊ, सोसायटीतले लोक, जो येईल त्याच्या हातात पिशवी. केळ्यांचा घड, मोसंबी, शहाळं. बाबांनी आम्हाला ताकीद दिली होती, की कोणाला काही सांगायचं नाही. "किडनीचं आहे एवढं सांगा. फळं चालत नाहीत हे नको सांगायला." का, ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं त्यांना लाज वाटत होती. त्या सगळ्या माणसांना त्यांनी आयुष्यभर फळं खा म्हणून सांगितलं होतं. तर ते पिशवी हातात घ्यायचे, आत डोकावून बघायचे, "वा, छान आहेत" म्हणायचे आणि माझ्याकडे द्यायचे. पाहुणे गेले की मी ती पिशवी खाली वॉचमनला नेऊन द्यायचे.

एका रविवारी मी अशीच पिशवी उचलली तर ते पलंगावरून म्हणाले, "ठेव ती."

"बाबा, डॉक्टरांनी..."

"माझ्यासाठी नाही. ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर ते ओट्यापाशी स्टूल घेऊन बसले होते. चांगल्या हातात सुरी, दुसऱ्या हाताची नुसती बोटं मोसंब्यावर टेकवलेली. तीन बशा मांडल्या होत्या. मी म्हटलं, "आम्ही नाही खाल्लं तर काही बिघडत नाही, बाबा."

"बिघडतं," ते म्हणाले. "तुझ्या चेहऱ्याचा रंग बघ. आणि पोरीने काय पाप केलंय? मी आजारी आहे म्हणून सगळ्यांची तोंडं बांधायची? मला नाही आवडणार ते. आजारी माणसामुळे घरातली फळं बंद, असं नको करू."

मग त्यांनी चिरून झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुतले. बोटालासुद्धा रस राहू दिला नाही. ते हात धुणं मला आजही दिसतं. त्यानंतर ते शक्य तितके दिवस चिरत राहिले. डायलिसिसच्या दिवशी थकायचे, त्या दिवशी मुलगी चिरायची आणि ते बसून सांगायचे, "देठाकडून नको, आडवं धर." तीन आमच्या बशा, आणि पुन्हा बेनची चौथी. त्यांच्या स्वतःच्या वाटीत सफरचंदाच्या दोन पातळ फोडी. त्या ते आमच्याबरोबर बसून खायचे, म्हणजे कोणाला अवघड वाटू नये.

पुढच्या उन्हाळ्यात एक प्रकरण झालं. डायलिसिसवर असलेल्या माणसाची तहान मी त्याआधी पाहिली नव्हती. ते तोंडात पाणी धरून ठेवायचे आणि थुंकून टाकायचे. एका दुपारी मी ऑफिसात असताना मुलीचा फोन आला, की आजोबांना पलंगावरून उठता येत नाहीये, पायांत जोरच नाही. नवरा जवळ होता, तो आधी पोहोचला. मी हॉस्पिटलात गेले तोवर त्यांना मशिनला जोडलं होतं. पोटॅशियम खूप वाढलं होतं. हृदयाचे ठोके मंद झाले होते. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. आणि विचारलं, "काय खाल्लं यांनी?"

आम्हाला काही सापडेना. भाजी मीच उकळली होती. फळांची पिशवी जशीच्या तशी होती. मुलगी रडत होती, म्हणत होती, मी काहीच दिलं नाही. बाबा डोळे मिटून पडले होते.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला समोरच्या बेन आल्या. हातात स्टीलची झाकणवाली बाटली. त्या पलंगाशेजारी बसल्या, बाबांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भाई, चिंता मत करो. कल पिया था तो कितना अच्छा लगा था ना आपको? आज भी लाई हूँ. एकदम ताज़ा, छान के लाई हूँ. कमज़ोरी में नारियल पानी से अच्छा कुछ नहीं."

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याचकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको. काही बोलू नको.

मी बेनच्या हातातून बाटली घेतली. "अभी सोने का टाइम है उनका," मी म्हटलं, "बाद में देती हूँ." त्या आणखी थोडा वेळ बसल्या, देवाचं नाव घेत राहिल्या. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. तिथे उभी असताना सगळं सांगून टाकावं असं मनात आलं. यात त्यांचा दोष नव्हता, हे मला कळत होतं. तरी राग येत होता, त्यांच्यावर, बाबांवर, कोणालाही कळू न देण्याच्या त्या हट्टावर. पण बेनच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, "इतने साल रोज़ मेरे लिए फ्रूट भेजा इन्होंने. मैं इनके लिए कुछ तो करूँ."

मी एवढंच म्हटलं, "बेन, डॉक्टर ने अब बाहर का कुछ भी मना किया है. पानी भी नाप के. आप बस मिलने आओ." त्या "हाँ, हाँ" म्हणाल्या. लिफ्ट आली, त्या गेल्या. बाटली मी बेसिनमध्ये रिकामी केली.

बाबांना घरी आणल्यावर मी त्यांना विचारलं. "तुम्हाला माहीत होतं ना? मग का प्यायलात?"

ते म्हणाले, "तहान लागली होती गं." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तिने इतकं गाळून-बिळून आणलं होतं. नाही कसं म्हणू? वाटलं, एवढंसं पिऊन काय होतंय." मग माझा हात धरला. त्यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. "तिला कळू देऊ नकोस. ती उरलेलं आयुष्य तेवढंच धरून बसेल."

मी शब्द दिला. बेनना आजही माहीत नाही. पण त्या दिवसापासून मी एक गोष्ट बदलली. बेन सोडून येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगायला लागले, की बाबांना फळं आणि शहाळं चालत नाहीत, त्यांच्या आजारात ते विष होतं. बाबांना आवडलं नाही, पण ते मला अडवू शकले नाहीत. लोक चकित व्हायचे. "फळ? फळाने काय होणार?" असं म्हणायचे. मी सगळं समजावून सांगायचे, डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं तसं. हळूहळू पाहुणे नुसतेच यायला लागले, आणि गप्पा मारून जायला लागले. बाबा त्यांना म्हणायचे, "तुम्ही खा हो. मला नाही चालत, पण तुम्ही रोज खा. आणि प्रेशरची गोळी असेल तर ती आधी घ्या." हे शेवटचं वाक्य ते प्रत्येकाला सांगत. स्वतः गोळी सोडल्याची गोष्टही सांगत, काही न लपवता. मला वाटतं, त्यानंतर त्यांना हलकं वाटायला लागलं.

त्याच्या पुढच्या वर्षी आंब्याच्या दिवसांत त्यांचे रिपोर्ट बरे आले. डायलिसिसच्या सिस्टरनी डॉक्टरांना विचारून मला सांगितलं, "मशिन सुरू झाल्यावर पहिल्या तासात एक छोटी फोड देऊ शकता. तेवढं लगेच निघून जाईल." मी त्या दिवशी रजा घेतली. एक फोड डब्यात घालून नेली, सालासकट, कारण त्यांना आंबा सालाला दातांनी खरवडून खायला आवडायचा.

डायलिसिसचं केंद्र म्हणजे एक लांब खोली. दोन्ही बाजूंना खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपाशी मशिन. बाबांच्या शेजारी नेहमी रिक्षा चालवणारा एक माणूस असायचा, पस्तिशीचा असेल. दोघांची चांगली ओळख झाली होती. मी डबा उघडला तसा खोलीत वास पसरला. दोन-तीन माना वळल्या.

बाबांनी फोड हातात घेतली आणि शेजारी बघितलं. मग सिस्टरना म्हणाले, "याला अर्धी देऊ का?"

सिस्टरनी कागद बघितला. "नाही काका. त्यांचं पोटॅशियम मागच्या वेळी जास्त आलंय. त्यांना नको."

बाबांनी फोड परत डब्यात ठेवली. "मग राहू दे. घरी पोरीला दे," मला म्हणाले.

तो माणूस भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "खा ना काका. मी बघत नाय."

"असं कसं खायचं?"

"खा. आणि कसा हाय ते मला सांगा."

बाबांनी फोड उचलली आणि एक घास घेतला. खूप वेळ चावत राहिले. त्या माणसाने डोळे मिटून घेतले होते.

"आंबट आहे जरा," बाबा म्हणाले. "अजून दोन दिवस पिकू द्यायला हवा होता."

"म्हणजे वरून पिवळा, आतून कच्चा?"

"कच्चा नाही. सालापाशी आंबट, आत गोड. कोयीकडचा भाग असता तर..."

"कोयीकडचा सगळ्यात भारी असतो," तो म्हणाला.

"हो. तो मिळाला नाही आपल्याला."

दोघं हसले. बाबांनी पुढचा घास घेतला, आणि तोही सांगितला. तसं करत त्यांनी ती फोड संपवली, साल पांढरं होईपर्यंत. समोरच्या खुर्चीवरची एक म्हातारी बाईही ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्याकडे रायवळ असायचे, चोखायचे." मग त्या खोलीत बराच वेळ आंब्यांवरच बोलणं चाललं. कोणाकडे कुठलं झाड होतं, कोण किती खायचं. सिस्टरसुद्धा येऊन उभ्या राहिल्या. मशिनं आपापला आवाज करत होती. मी रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

त्याच पावसाळ्यात बाबांना छातीत कफ झाला आणि तो उतरला नाही. शेवटचे काही दिवस ते हॉस्पिटलात होते. एका दुपारी, नवरा शेजारी बसलेला असताना, ते गेले. त्याने मला फोन केला तेव्हा फक्त माझं नाव घेतलं. बेन माझ्या आधी आमच्या घरी जाऊन मुलीजवळ बसल्या होत्या.

अस्थी कुठे न्यायच्या यावर नातेवाइकांची वेगवेगळी मतं होती. नवरा म्हणाला, लांब नको, बाबांना प्रवास आवडायचा नाही. आम्ही तिघं उत्तनच्या पुढे पालीच्या किनाऱ्याला गेलो. गल्ल्यांतून दुचाकी आणि वाळत घातलेल्या जाळ्यांमधून वाट काढत किनाऱ्यावर पोहोचलो तर पाणी खूप आत गेलेलं. मध्ये नुसता काळा गाळ. नवरा चपला काढून निघालाच होता, तेवढ्यात एका घराच्या ओटीवरून एक कोळीण ओरडली, "थांबा, थांबा! आता न्हाय जायचं. गुडघ्यापर्यंत रुताल. पानी येतंय, जरा बसा."

तिने आमच्या हातातल्या मडक्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. ओटीवर चटई टाकली आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आम्ही बसलो. वारा होता, आभाळ भरलेलं पण पाऊस नव्हता. ती आपली मासे साफ करत बसली. मध्येच मुलीला म्हणाली, "कोन होतं तुझं?"

"आजोबा," मुलगी म्हणाली.

"चांगले होते?"

मुलीने मान हलवली. मग एकदम तिने सांगायला सुरुवात केली, आजोबा कसे होते, कुठून कुठे चालत जायचे, तिच्या शाळेच्या बसला रोज हात कसा करायचे. मला माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी त्यात होत्या. नवरा मडकं दोन्ही हातांनी धरून ऐकत होता. इतक्या दिवसांत तो रडला नव्हता. आता रडला, आवाज न करता, आणि त्याने डोळेही पुसले नाहीत.

कोळणीने हात धुतले, उठून किनाऱ्याकडे नजर टाकली आणि म्हणाली, "आलं बघा पानी. जावा आता." आम्ही उठलो.